तीन पानांची खोगीरभरती

तुझ्या पेपरांची यादी मिळाली. तीन पानं आहेत. वर जाड अक्षरांत एच-इंडेक्स, त्याखाली सायटेशनची बेरीज, शेवटी गुगल स्कॉलरची लिंक. सोबत एका ओळीचा निरोप: बढतीसाठी शिफारसपत्र हवं आहे, शुक्रवारपर्यंत मिळालं तर बरं होईल.

शुक्रवारपर्यंत मिळणार नाही. आधी हे वाच. ओपीडी संपल्यावर वाच, पण एका बैठकीत वाच आणि मोबाईल पालथा ठेवून वाच.

मी तुझी यादी नुसती चाळली नाही. त्यातले पेपर उघडून वाचले. तू वाचलेस का? हे मी गंभीरपणे विचारते आहे. पहिल्याच पानावरच्या एका पेपरात कोष्टकातल्या टक्केवारीची बेरीज शंभराच्या वर जाते. तुझं नाव त्यावर पाचवं आहे. एम.डी.ला असताना पाठ्यपुस्तकातल्या सूत्रात छपाईची चूक आहे हे भर वर्गात दाखवून देणारा मुलगा तू. ती बेरीज तुझ्या नजरेतून सुटली असती का? नसती. म्हणजे तू तो पेपर पाहिलाच नाहीस. दुसऱ्याने राबायचं आणि तू नाव लावायचं. आयत्या बिळावर नागोबा.

वैद्यकीय जर्नलांच्या संपादकांची आंतरराष्ट्रीय समिती लेखक कोणाला म्हणायचं याच्या चार अटी घालते. कामाच्या आखणीत, माहिती गोळा करण्यात किंवा तिचा अर्थ लावण्यात खरा हातभार हवा. मसुदा लिहिण्यात किंवा त्यात मोलाची दुरुस्ती करण्यात वाटा हवा. छापायच्या अंतिम प्रतीला मान्यता हवी. आणि पेपरातल्या कोणत्याही गोष्टीचा जाब द्यायची तयारी हवी. चारही हव्यात. हे तुला पहिल्या वर्षी शिकवलं, तू परीक्षेत लिहिलंस, मार्क घेतलेस. मग आता काय झालं? मार्क मिळाल्यावर नियम संपला?

पुढे जाऊ. तुझ्या प्रोफाइलमध्ये सायटेशनच्या क्रमाने दुसरा लागणारा पेपर कशावर आहे? शेतजमिनीतल्या जस्तावर. तू माती कधी तपासलीस? तुझं आडनाव आणि तुझं आद्याक्षर असलेले संशोधक खानदेशापासून कोल्हापूरपर्यंत पसरलेले आहेत. गुगल स्कॉलर आपोआप पेपर जोडतं हे मलाही ठाऊक आहे. पण काढून टाकायला क्षणभर पुरतो. "मॅडम, लक्षच गेलं नाही," असं मला सांगू नकोस. एच-इंडेक्स एकाने वाढला तेव्हा तुझं लक्ष बरोबर गेलं होतं. त्याच संध्याकाळी तू तो आकडा बॅचच्या ग्रुपवर टाकलास. ज्या कुणी उन्हात मातीचे नमुने गोळा केले, त्याच्या कष्टावर तू अभिनंदनं घेतलीस.

आणि जे खरोखर तुझं आहे, ते काय आहे? एमबीबीएसच्या मुलांचं मोबाईलचं व्यसन. एमबीबीएसच्या मुलांचा परीक्षेचा ताण. एमबीबीएसच्या मुलांची झोप. नर्सिंगच्या मुलींना हात धुण्याविषयी असलेली माहिती. का ही मुलंच? कारण ती वर्गात आयती बसलेली असतात. गुगल फॉर्म सकाळी पाठवला की संध्याकाळपर्यंत भरून येतो. विषय तू निवडलाच नाहीस, हाताशी जे होतं त्याला विषय म्हणालास. त्यातही झोपेचा सर्व्हे एक आणि पेपर चार. मुलं वेगळी, मुली वेगळ्या, वसतिगृहातली वेगळी, घरून येणारी वेगळी. चारही पेपर एकमेकांना सायटेशन देतात. याला संशोधन म्हणत नाहीत, पाट्या टाकणं म्हणतात.

तू सुरतेत लूमच्या खात्याशेजारी, म्हणजे यंत्रमागाच्या कारखान्याशेजारी, वाढलास, म्हणून तुला कळेल अशा भाषेत सांगते. कारीगराला मीटरवर पैसे मिळतात, म्हणून तोही मीटर मोजतो. पण ताक्यात फॉल्ट निघाला की शेठ पैसे कापतो. तुझ्या पेपरात फॉल्ट निघाला तर कोण कापतं? आठवड्यात पेपर स्वीकारणाऱ्या आणि पैसे भरल्याशिवाय न छापणाऱ्या जर्नलचा संपादक? तो तर पुढच्या अंकासाठी आणखी एक पेपर मागतो.

तुझं एक बोलणं मला फार खटकतं. सकाळी आकडा मिरवायचा आणि संध्याकाळी कुणी हटकलं की म्हणायचं, सायटेशनला तसा काही अर्थ नसतो. कॉलेजच्या सेमिनारमध्ये तू सॅन फ्रान्सिस्को जाहीरनाम्यावर बोललास. २०१२ च्या डिसेंबरात मांडलेला हा जाहीरनामा म्हणतो, की जर्नलच्या इम्पॅक्ट फॅक्टरवरून माणसाच्या कामाचं माप काढू नका. छान बोललास म्हणे. मग तुझ्या यादीत प्रत्येक जर्नलपुढे इम्पॅक्ट फॅक्टर का लिहिला आहेस? दोन्ही दगडांवर पाय ठेवून किती दिवस उभा राहशील? एक काहीतरी ठरव.

एच-इंडेक्स हा आकडा होर्खे हिर्श नावाच्या भौतिकशास्त्रज्ञाने २००५ मध्ये मांडला. एच-इंडेक्स १० म्हणजे प्रत्येकी किमान १० सायटेशन मिळालेले किमान १० पेपर. इतकंच. ते सायटेशन कुणी दिले, कशासाठी दिले, हे तो सांगत नाही. ते तुला उघडून पाहावं लागेल. पाहिलंस कधी? मी पाहिलं. तुझं नाव येतं ते बहुतेक प्रस्तावनेच्या पहिल्या परिच्छेदात, 'या विषयावर अनेक अभ्यास झाले आहेत' या वाक्याला जोडलेल्या सात-आठ संदर्भांच्या गर्दीत. तुझ्या निष्कर्षाशी कुणी वाद घातलेला नाही. तुझी पद्धत कुणी उचललेली नाही. तुझ्यामुळे कुणाचा उपचार बदललेला नाही. तुझा पेपर उद्या नाहीसा झाला तर त्या वाक्याला काही फरक पडेल का?

सायटेशन कमी म्हणजे काम हलकं, असंही समजू नकोस. कलकत्त्याच्या शंभुनाथ डे यांनी १९५९ मध्ये 'नेचर'मध्ये दाखवून दिलं, की कॉलऱ्याचे जंतू गाळून काढल्यावर उरणारा द्रवसुद्धा सशाच्या आतड्यात पाणी काढतो, म्हणजे खेळ विषाचा आहे. कित्येक वर्षं त्या कामाकडे कुणी फारसं पाहिलं नाही. नंतर मात्र कॉलऱ्याचं आख्खं संशोधन त्यावर उभं राहिलं. सायटेशन इंडेक्स ज्यांनी सुरू केला त्या यूजीन गारफिल्ड यांनी १९८६ मध्ये डे यांच्या कामावर मुद्दाम लिहिलं. तोवर डे यांना जाऊन सुमारे वर्ष झालं होतं. उलट बाजूही बघ. गोवर, गालगुंड आणि रुबेलाची एकत्रित लस आणि ऑटिझम यांची सांगड घालणारा वेकफिल्डचा १९९८ चा 'लॅन्सेट'मधला पेपर जगभर सायटेशन मिळवत राहिला. बारा मुलांवरचा पेपर. २०१० मध्ये तो मागे घेतला गेला. तोवर किती आईबापांनी लस टाळली असेल याचा विचार कर. तेव्हा आकडा मला दाखवू नकोस. आकड्यामागे काय आहे ते दाखव.

आता तुझी कारणं घेऊ. मला ती तोंडपाठ आहेत. निधी नाही. वेळ नाही. गाइड चांगला मिळाला नाही. आपल्यासारख्या ठिकाणाहून पाठवलेलं मोठी जर्नलं छापत नाहीत.

महाडजवळचं बिरवाडी तुझ्या सुरतेहून मोठं आहे का? डॉ. हिम्मतराव बावस्कर १९७६ मध्ये तिथल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले. लाल विंचू चावलेली धडधाकट माणसं आणि पोरं काही तासांत फुप्फुसात पाणी भरून मरत होती. पुस्तकात उपाय नव्हता. त्यांनी काय केलं? खाटेशेजारी बसले. उलटी कधी झाली, घाम किती, हातपाय कधी गार पडले, नाडी, रक्तदाब, पेशंटमागून पेशंट लिहून काढलं. हृदयाला धोका असल्याची आगाऊ लक्षणं कोणती, यावरचा त्यांचा पेपर १९८२ मध्ये 'लॅन्सेट'ने छापला. मग त्यांनी विचार केला, की विषाने शरीरात अॅड्रिनॅलिनसारख्या द्रव्यांचा पूर येतो, तर तो जिथे घाव घालतो तिथेच अडवायचा. प्राझोसिन, रक्तदाबाची स्वस्त गोळी. १९८६ मध्ये तेही 'लॅन्सेट'मध्ये आलं, पत्नी डॉ. प्रमोदिनी बावस्कर यांच्यासोबत. पूर्वी अशा गंभीर रुग्णांत तीस टक्क्यांपर्यंत मृत्यू होत, ते प्रमाण एका टक्क्याच्या आसपास आलं. पुढे विंचवाच्या विषावरचं प्रतिविष आलं तेव्हा त्याची प्राझोसिनसोबत रीतसर चाचणी महाडलाच झाली आणि २०११ मध्ये 'बीएमजे'त आली. सांग, यात कुठला निधी होता? कुठला नामवंत गाइड होता? रात्रपाळीला जागं राहणारा एक डॉक्टर होता, एक वही होती आणि एक प्रश्न होता. आज विंचूदंशावर जगात कुणीही लिहायला बसला तरी त्याला महाडचं नाव घ्यावंच लागतं. सायटेशन म्हणतात ते याला.

गडचिरोलीचं उदाहरण तुला माहीत आहे, तू त्यावर पोस्टर केलं होतंस. म्हणून थोडक्यात सांगते. डॉ. राणी आणि डॉ. अभय बंग यांनी दोन गावांतल्या ६५० स्त्रिया तपासल्या. ९२ टक्के स्त्रियांना काही ना काही स्त्रीरोग होता, आणि पूर्वी कधी अशी तपासणी झालेल्या जेमतेम ८ टक्के. १९८९ चा 'लॅन्सेट'. तोवर जगाचा कुटुंबनियोजनाचा कार्यक्रम या बायकांकडे फक्त मुलं मोजायला जात होता. दहा वर्षांनी, १९९९ मध्ये, नवजात बाळांची घरीच काळजी घ्यायला शिकवलेल्या गावातल्याच बायकांनी ३९ गावांत काय केलं ते छापून आलं: तुलनेच्या गावांच्या मानाने नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी उतरले. आज तुझ्या फील्ड एरियातली आशा बाळाच्या घरी ज्या भेटी देते, त्या तिथून आल्या आहेत. पोस्टरला तुला बक्षीस मिळालं होतं. त्यातून शिकलास काय?

आता सुरतेच्या नवागामला ये. तू तिथला आहेस. जळगाव, धुळे, नंदुरबारहून ताप्ती लाइनच्या गाडीने उधन्याला उतरलेल्या हजारो घरांपैकी एक तुझं. मराठी शाळेत शिकलास. डिंडोली, लिंबायत, पांडेसरा तुला गल्लीबोळासकट ठाऊक. तुझ्या वडिलांनी आयुष्य लूमवर काढलं. ते टीव्ही किती मोठ्याने लावतात? फोनवर तुला तीन-तीनदा तेच का विचारतात? तू चिडतोस, हे तूच मला सांगितलं होतंस. कान गेले आहेत त्यांचे. कम्युनिटी मेडिसिनचा डॉक्टर घरात असून त्यांचा ऑडिओग्राम झालेला नाही. आणि तू मुलांची झोप मोजतो आहेस.

आठ तासांच्या कामाला नव्वद डेसिबल ही मर्यादा तुला पाठ आहे. लूमवर पाळी बारा तासांची असते. गोंगाटाने येणारं बहिरेपण चार हजार हर्ट्झच्या आसपास आधी दिसतं, बोलणं ऐकू येईनासं व्हायच्या कितीतरी आधी, हेही पाठ आहे. कायद्याने कळवायच्या आजारांच्या यादीत हा आजार आहे, आणि पेशंट पाहणाऱ्या डॉक्टरने तो कळवायचा असतो, हेसुद्धा तू व्हायव्हात धडाधड सांगितलं होतंस. आजवर किती पेशंट कळवलेस? तुझ्या ओपीडीत नवागामहून माणसं येत नाहीत? त्यांना 'काय काम करता' हे विचारून केसपेपरवर लिहितोस तरी का?

तू म्हणशील, लूमवरच्या माणसांच्या आजारांवर बरंच लिहून झालंय. झालंय. आणि त्यातल्या पुष्कळ कामात एक भोक आहे, जे तुला दिसू शकतं आणि बाहेरून आलेल्याला दिसत नाही. खात्यात जाऊन जो तपासशील तो अजून कामाला टिकून असलेला माणूस. ज्याला झेपेना, ज्याचा दम लागायला लागला, ज्याला ऐकू येईना म्हणून शेठने काढलं, तो शिरपूरला नाही तर शहाद्याला परत गेला. तो तुझ्या नमुन्यात येणारच नाही. मग पेपर म्हणणार, प्रमाण फार नाही. गावी परतलेल्या माणसांची यादी कोण करू शकतं? तू. कानबाईच्या रोटाला कुणाच्या घरी कोण जमतं हे तुला माहीत आहे. आखाजीच्या सणाला निम्मी गल्ली गाडीत बसलेली असते, तेव्हा सर्व्हे लावला तर निम्मी घरं बंद मिळतील, हे तुला कुणी शिकवावं लागत नाही. मागे वस्तीत नेलेली तुझी प्रश्नावली इंग्रजीत होती, तिचं गुजराती करून घेतलंस. आणि ज्यांना ती विचारली ती माणसं घरात अहिराणी बोलतात. तू स्वतः बोलतोस. मग अहिराणीत का विचारलं नाहीस? लाज वाटली? कोणाची? रिव्ह्यूअरची?

१९९४ चा सप्टेंबर तुझ्या घरात अजून बोलला जात असेल. वेड रोडच्या वस्तीतून प्लेगची बातमी आली आणि लाखो माणसं शहर सोडून पळाली. पुष्कळ खासगी डॉक्टरांनी दवाखान्याला कुलूप लावलं. नव्या सिव्हिलमध्ये थांबलेल्यांनी पेशंट पाहिले. आजारी पडलेल्यांत आपल्या भागातून कामाला गेलेली तरणी पोरं होती. आणि त्यानंतर कित्येक वर्षं विद्वानांचा वाद चालला, की तो प्लेग होता की नव्हताच. हैदराबादच्या सीसीएमबीतल्या शास्त्रज्ञांनी जंतूंच्या डीएनएवरून तो प्लेगच असल्याचं दाखवलं, तेव्हा २००० साल उजाडलं होतं. इतका उशीर का? नमुने वेळेवर नीट घेतले गेले नाहीत, नोंदी अपुऱ्या राहिल्या, आणि जिथे माणसं मरत होती तिथली माहिती लिहून ठेवणारे हात थोडे होते. अशा वस्तीतला मुलगा डॉक्टर होणं ही केवढी गोष्ट आहे, तुला कळतंय का? आणि तो डॉक्टर इम्पॅक्ट फॅक्टरचे दशांश जुळवत बसला, हे मला सहन होत नाही.

वेळ नाही म्हणतोस. चार पेपर पाडायला वेळ होता. ग्रुपवर आकडे टाकायला आहे. बढतीला पेपर लागतात, हे मला कुणी सांगायला नको, ती अट मीही पाहिली आहे. पण ती अट थोड्याच पेपरांची आहे. बाकीची अडीच पानं कुणी मागितली होती? ती तू स्वतःची समजूत घालायला लिहिलीस. यादी लांबत गेली की काम चालू आहे असं वाटतं, आणि कठीण प्रश्नाला हात घालायची भीती झाकली जाते. भीतीच आहे ती. खऱ्या प्रश्नावर काम केलं तर उत्तर चुकू शकतं, पेपर परत येऊ शकतो, तीन वर्षांत एकच होऊ शकतो. झोपेच्या सर्व्हेत अपयश येत नाही. म्हणून तुला तो आवडतो.

तुझ्यात कुवत नसती तर मी हे लिहिलंच नसतं. दोन ओळींचं पत्र देऊन मोकळी झाले असते. तुझ्या थिसिसमधला चौथा भाग अजून माझ्या कपाटात आहे. नव्या विद्यार्थ्यांना नमुना कसा काढायचा हे मी त्यावरून शिकवते. तो लिहिणारा माणूस कुठे गेला, हे मला हवं आहे.

आता काय करायचं ते ऐक. मातीचा पेपर आज रात्री प्रोफाइलमधून काढ. ज्या पेपरांची जबाबदारी घेता येत नाही ते यादीतून खोड, मग दीड पान उरो नाही तर अर्धं. ईएनटीच्या विभागप्रमुखांकडे स्वतः जा आणि ऑडिओमीटर मागून घे. तपासण्या त्यांची रेसिडेंट करणार असेल तर लेखकांत तिचं नाव आधीच ठरव आणि लिहून ठेव. पाळी संपल्या संपल्या कान तपासू नकोस, तात्पुरता बधिरपणा मोजशील. चौदा तास तरी गोंगाटापासून दूर असलेला कान हवा, आणि बारा तासांच्या पाळीत तो रोज मिळत नाही, म्हणजे सुट्टीच्या दिवशी तपासणी खात्यावर नाही, गल्लीत लावावी लागेल. तुलनेसाठी त्याच गल्ल्यांतली, त्याच वयाची, लूमवर कधीच न गेलेली माणसं घे. गावी परतलेल्यांची यादी आधी कर, नमुना नंतर ठरव. संमतीपत्र मराठीत लिही आणि प्रत्येकाला अहिराणीत वाचून दाखव. नाव कळलं तर नोकरी जाईल ही भीती त्यांना आहे, आणि ती खरी आहे, तेव्हा शेठच्या ऑफिसात बसून कुणाचीही सही घेऊ नकोस. एथिक्स कमिटीचा मसुदा मला दाखवल्याशिवाय पुढे पाठवायचा नाही.

वडिलांना नमुन्यात धरू नकोस. त्यांचा ऑडिओग्राम वेगळा, ईएनटीच्या ओपीडीत रीतसर केसपेपर काढून, याच आठवड्यात करून घे.